पाचवा आठवडा

सुरुंग उडाला तेव्हा मी परसात शरयूला कडेवर घेऊन उभी होते. घाटाचा रस्ता रुंद करायचं काम महिनाभर चाललं होतं, आणि उडवायच्या आधी लाल निशाण घेतलेला माणूस टेकडीवरून शिट्टी फुंकत असे. पण त्या सकाळी वारा उलटा होता, शिट्टी आमच्यापर्यंत आलीच नाही. टेकडी लांब, त्यामुळे हादरा नव्हता, नुसता आवाज, पत्र्यावर दगडांची गाडी ओतल्यासारखा. ओसरीवर सासूबाईंच्या हातातलं सूप निसटलं आणि तांदूळ पसरले. शेजारच्या गोठ्यातली गाय दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. माझं स्वतःचं अंग असं काही आक्रसलं की शरयूला मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती माझ्या मंगळसूत्राचा मणी चघळत होती. ती चघळतच राहिली. मी घट्ट धरलं म्हणून तेवढी तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग चिंचेवरचे सगळे कावळे एकदम उठले ते तिला दिसले. कावळे पाहून ती खुदकन हसली. नऊ महिन्यांची मुलगी. सासूबाई म्हणाल्या, बघ कशी धीट आहे, अजिबात भ्यायली नाही. मी म्हटलं, हो. आणि खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले.

त्यानंतर वीस दिवस मी कुणाला काही बोलले नाही. मी प्रयोग केले. दुसरा शब्द नाही त्याला. ती चटईवर लाकडी बैल घेऊन बसली की मी मागून जायची आणि पळीनं पातेल्यावर वाजवायची. सावली तिच्या पुढ्यात पडू द्यायची नाही, श्वास मानेला लागू द्यायचा नाही, जमिनीवर पाय दाबून चालायचं नाही, नाहीतर ती वळेल ती दुसऱ्याच कशानं वळेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी ते चांगलं शिकले होते. पळी, पितळी घंगाळ, देवघरातली घंटा, शेवटी तिचं नाव. नाव मी हळू घेतलं, मग मोठ्यानं, मग अगदी कानाशी. तिनं वळून पाहिलं नाही, कारण माझी सावली पडली नव्हती. पुढच्या खेपेला मी मुद्दाम सावली पाडली, तेव्हा ती वळली आणि हात पसरले. मी तिला उचललं. प्रयोग यशस्वी झाला की अंगातून जे एक गार समाधान जातं ते त्या क्षणी माझ्या अंगातून गेलं, हे मी इथे लिहून ठेवते आहे.

शास्त्र शिकलेली बायको उपेंद्रनं हौसेनं केली. तो संस्थानच्या कचेरीत कारकून, पण पुण्याच्या मासिकांचा वर्गणीदार. लग्नात माझं कुंदा हे नाव बदलून सौदामिनी ठेवलं तेही त्याच्याच आवडीचं. भोरात त्या वेळी जीवशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली दुसरी बाई नसावी. वर्गात आम्ही दोघीच मुली, आणि कोंबडीच्या अंड्यांची प्रात्यक्षिकं सुरू झाली तेव्हा दुसरीनं विषय सोडला. मी नाही सोडला. आमच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि मी उबवायच्या पेटीतून रोज एक अंडं काढून कवचाला खिडकी पाडत होते. आतला गर्भ कोमट मिठाच्या पाण्याच्या बशीत घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, वहीत काढायचा. वहीत तास लिहायचे. तेहेतिसाव्या तासाच्या आसपास एक वाकडी नळी थरथरायला लागते, तेच हृदय. अठ्ठेचाळिसाव्या तासाला डोक्याच्या मागच्या अंगाला दोन बाजूंना दोन पुटकुळ्या दिसतात, टाचणीच्या टोकाएवढ्या. ते कान. मी दोन्ही पुटकुळ्या पेन्सिलीनं इतक्या नेटक्या काढल्या होत्या की सरांनी ती वही वर्गात फिरवली.

सर इंग्रजीत शिकवत, पण आवडीच्या ठिकाणी आले की मराठीत उतरत. म्हणत, पेशीला आपण कोण होणार हे आधी ठाऊक नसतं, तिला शेजार सांगतो. जर्मनीतला एक प्रयोग त्यांनी सांगितला होता. पाण्यात राहणाऱ्या पालीसारख्या एका प्राण्याच्या कोवळ्या गर्भातून एक ठरावीक कण उचलला आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा गर्भ उभा राहिला, कण्यासकट, मेंदूसकट. ज्या पेशी पोटाची कातडी होऊन आयुष्य काढणार होत्या त्या मेंदू झाल्या, कारण नव्या शेजाऱ्यानं त्यांना तसं सांगितलं. कानाचंही तेच. मेंदूचा मागचा भाग बाजूच्या कातडीला काहीतरी सांगतो, कातडी आत दबते, खळगा होतो, खळगा मिटून पुटकुळी होते. काय सांगतो, कशाच्या भाषेत सांगतो, हे अजून कुणालाच माहीत नाही, असं सर म्हणत आणि खडू ठेवून खिडकीबाहेर बघत. मग वळून म्हणत, पण ऐकण्याचीही एक वेळ असते. ती टळली की पेशी तीच, निरोप तोच, आणि होत काही नाही. मला त्या वाक्यानं तेव्हा फार आनंद झाला होता. नियम किती स्वच्छ. दुपारी वसतिगृहात जेवताना मी ते वाक्य मनात घोळवत होते, आणि सकाळी उघडलेलं अंडं कुठल्या बादलीत गेलं याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

त्याच सरांचं पत्र लग्नानंतर दीड वर्षानं आलं. प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा होणार, तू येशील का, पुढची पदवीही करता येईल. उपेंद्र हो म्हणाला. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला आणि मग त्याही, वर्षभरच ना, म्हणाल्या. आणि माझे दिवस तीन आठवडे पुढे गेले होते. मी कुणाला सांगितलं नाही. वसतिगृहात एकदा एक मुलगी कुजबुजली होती की कोयनेल जास्त घेतलं तर राहिलेलं पडतं. कोयनेल, म्हणजे क्विनीन, ते तर काय, घरोघर. वेल्ह्याकडून येणारा प्रत्येक माणूस हिवतापाची थंडी बरोबर आणतो. पोस्टात पुड्या मिळत, त्या दर घरात फडताळात असतच. मी आमच्या फडताळातल्या घेतल्या आणि पोस्टातून आणखी आणल्या, आणि दोन दिवसांत सगळ्या पोटात घातल्या. ओकाऱ्या झाल्या. कानात घुं घुं असा आवाज भरला, सबंध दिवस, बाहेरचं बोलणं लांबून यावं तसं यायचं. सासूबाई काहीतरी विचारत होत्या आणि मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. माझ्या कानातला थांबला. पोटातलं पडलं नाही. महिना उलटला तेव्हा मी सगळ्यांना गोड बातमी सांगितली, सरांना नकार कळवला, आणि खरं सांगायचं तर नंतर मला ती हवीशीही वाटायला लागली. पण हिशेब मला करता येत होता. कोंबडीचे अठ्ठेचाळीस तास म्हणजे माणसाचे किती दिवस, हे मला येत होतं. त्या पुड्या पाचव्या आठवड्यात पडल्या. आत, टाचणीच्या टोकाएवढ्या जागी, शेजार शेजाराला काही सांगत होता, आणि मी मध्ये जाऊन उभी राहिले.

वीस दिवसांनी मी उपेंद्रला सांगितलं, शरयूला ऐकू येत नाही. तो हसला, मग त्यानं स्वतः टाळी वाजवून पाहिली, मग पुन्हा हसला नाही. पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात नळी घालून उजेडात पाहिलं, चिमट्यासारखी कंप पावणारी एक वस्तू वाजवून पाहिली, आणि म्हणाले, पडदा शाबूत आहे. उपेंद्रचा चेहरा त्या वाक्यावर उजळला. त्यात आशा नव्हती, पडदा शाबूत म्हणजे दोष आत, खोल, जिथे हात पोचत नाही तिथे, हे खोलीत डॉक्टर सोडून फक्त मला कळलं. मग त्यांनी विचारलं, गरोदरपणी काही दुखणं, काही औषध? मी म्हटलं, नाही. तो माझा पहिला शब्द. इतका लहान होता की मला वाटलं तो खोलीतच राहील.

दुसरा शब्द मोठा झाला. शरयूला न्हाऊ घालायला ठकुबाई यायची. ती मूळची विंझरची, तिकडे भाऊ. नवरा गेल्यावर भोरात नदीकडे एक खोली घेऊन राहिली आणि आमच्या आळीतल्या पाच-सहा घरांतली पोरं तिच्या पायांवर मोठी झाली. पाय पसरून बसायची, पोर पायांवर पालथं घ्यायची आणि त्याच्याशी भांडत भांडत न्हाऊ घालायची. आंघोळ झाली की कानात कोमट तेलाचे दोन थेंब, ही आमच्याकडची रीत. ती थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहायची. आम्ही पुण्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाटी तिच्या हातातून घेतली. चंद्राबाई शेजारून आल्या होत्या, आणखी दोघीतिघी परसात होत्या. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या रडत होत्या. त्यांना कारण हवं होतं आणि ते त्यांच्या हातात, वाटीत, होतं. कढत तेल घातलंस, म्हणाल्या, माझ्या नातीचे कान जाळलेस. ठकुबाई म्हणाली, पंचवीस वर्षं घालते आहे. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेली आहेस. तूच सांग. तेलानं कान जातात की नाही?" सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. शरयू टॉवेलात गुंडाळलेली, ठकुबाईच्या खांद्यावर, ओल्या पापण्यांनी माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "जाऊ शकतात."

ठकुबाईनं पोर माझ्या हातात दिलं. "वैनी, तुमीबी?" एवढंच म्हणाली. पुढे काही नाही. पदर खोचला होता तो सोडला आणि मागच्या दारानं गेली. आठ दिवसांत आळीतली बाकीची घरं बंद झाली; माझ्या पदवीचा तेवढा मान होता. सुनेनं पुस्तकात वाचलंय म्हणे, असं चंद्राबाई सांगत फिरल्या. महिन्याभरात ठकुबाईनं खोली सोडली आणि भावाकडे विंझरला गेली. शरयूला मीच न्हाऊ घालायला लागले. माझ्या पायांवर ती स्वस्थ राहत नसे. पाणी डोळ्यांत जाई, साबण सुटून जाई, आणि मी तिच्याशी बोलत नसे, कारण कुणाशी बोलायचं, असं माझ्या मनात येई. आणि ठकुबाई नऊ महिने एका बहिऱ्या मुलीशी भांडत होती, लाडानं शिव्या देत होती, आणि शरयू तिच्या तोंडाकडे बघून तोंडाचे चंबू करत होती, हे मला आठवे. मला झोप येत असे, भूकही लागत असे. अपराधी माणसाला भूक लागत नाही असा माझा समज होता.

चैत्रात मी नसरापूरच्या बनेश्वराचं नाव सांगून निघाले. देवाला म्हटल्यावर सासूबाईंनी नारळ आणि ओटीचं सामान दिलं, तेही मी घेतलं. सर्व्हिस मोटारीनं नसरापूर, आणि पुढे वेल्ह्याच्या बाजाराला जाणारी एक बैलगाडी मिळाली. शरयू सबंध वाट बैलांच्या हलणाऱ्या वशिंडांकडे पाहत होती. विंझरच्या अलीकडे शेतांत राब भाजायची तयारी चालली होती. भाताची रोपं जिथे टाकायची तो तुकडा आधी पाला, शेणकूट, फांद्या रचून भाजून काढतात. ठकुबाई डोक्यावरून पाल्याचा भारा उतरवत होती. मला पाहून तिनं भारा पूर्ण उतरवला, रचला, हात झटकले, आणि मग शरयूला घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. शरयूनं तिचं नाक धरलं. "व्हय गं सटवे," ती तिला म्हणाली, "आठवान झाली व्हय माजी?" तिची भावजय रतनबाई बांधावर उभी होती, तिनं पाणी आणायला म्हणून पाठ वळवली.

मी उभ्यानंच सांगितलं. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती एकही आली नाहीत. म्हटलं, तेलानं झालं नाही, मला तेव्हाही ठाऊक होतं. मी कोयनेल खाल्लं होतं, पुष्कळ. ती म्हणाली, हिवताप हुता? मी म्हटलं, नाही. तिला कळलं ते मला तिच्या हातावरून कळलं. शरयूच्या पाठीवरून फिरणारा हात मध्येच थांबला आणि पुन्हा फिरायला लागला. मग मी पेशी, शेजार, पाचवा आठवडा, सगळं सांगायला लागले. भर उन्हात, त्या पाल्याच्या ढिगापाशी, मी जवळजवळ व्याख्यान दिलं. ती ऐकून घेत होती, एखादं मूल रडून संपेपर्यंत थांबावं तसं.

"कोयनेलानंच झालं ह्ये कुणी सांगितलं तुमास्नी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, पुस्तकांवरून दिसतं. तिनं बांधाकडे मान केली. रतनबाईचा थोरला जन्मापासून बहिरा आहे, म्हणाली, आणि तिनं तर कोयनेल डोळ्यानं बघितलंबी न्हाई. मला राग आला. अजून त्या रागाचं मला नवल वाटतं. रात्रंदिवस मी ज्याला धरून होते, ते तिनं माझ्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं. मी केलं, हे निदान माझं होतं, त्याला आठवडा होता, कारण होतं. माझ्यामुळे नसेलही, हे मला सोसवेना. आणि लगेच कळलं की त्यानं माझं काही सुटत नाही. कोयनेलाचं कुणीच सांगू शकणार नाही. परसातल्या शब्दाचं मात्र मला नक्की सांगता येत होतं.

मी म्हटलं, माझं चुकलं, ठकुबाई. नारळ पुढे केला. दुसरं काही हातात नव्हतं. तिनं नारळाकडे पाहिलं.

"देवाचा देवाला द्या," ती म्हणाली. "आन हितं येऊन मला काय सांगताय, वैनी? म्या काय केलं न्हाई ते मला ठावं हाय. हितल्या समद्यांस्नी ठावं हाय. भोरात सांगा. जितं बोलला तितं."

मी तिला बरोबर चला म्हटलं. ती म्हणाली, तुमी सांगा, मग म्या बगीन. शरयूला परत देताना तिनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, सवयीनं, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. परतताना मी बनेश्वराला गेले नाही. नारळ गाडीवाल्याला दिला.

तीन दिवस मी बोलले नाही. सकाळी ठरवायची, दुपारी शब्द शिळे व्हायचे. चौथ्या दिवशी विहिरीवर चंद्राबाईंच्या सुनेचा विषय निघाला. ती बाळंत झाली होती, मुलगा, आणि न्हाऊ घालायला बाई मिळत नव्हती. कुणीतरी ठकुबाईचं नाव काढलं. "नको गं बाई," चंद्राबाई म्हणाल्या, "नातवाला कान तेवढे राहू देत." बायका हसल्या. सासूबाईही हसल्या, आणि हसताना पदर डोळ्याला लावला. माझ्या हातात भरलेली कळशी होती. ती मी खाली ठेवली.

"ठकुबाईच्या तेलानं झालेलं नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी कान पाहिले. पडदा शाबूत आहे. तेल आत जातच नाही. मला त्याच दिवशी माहीत होतं."

मग चंद्राबाई म्हणाल्या, अगंबाई, मग त्या वेळी काय तोंडाला कुलूप होतं? कुणीतरी म्हणालं, शिकलेल्यांचं असंच, आज एक उद्या एक. मी म्हटलं, मी खोटं बोलले. मग कशानं झालं, असं दोघींनी एकदम विचारलं. मी म्हटलं, पोटात असतानाच झालं असावं. तेवढं पुरलं, आपापसात त्या एकमेकींच्या सुनांचे डोहाळे, पडणं, भिणं आठवायला लागल्या. चंद्राबाई पोहरा सोडताना स्वतःशीच म्हणाल्या, विंझरला निरोप कुणाबरोबर पाठवावा आता. मी कळशी उचलली. सासूबाई माझ्या आधीच घरात गेल्या होत्या.

त्या माजघरात उभ्या होत्या. शरयू चटईवर बसली होती. त्यांनी आतली कडी लावली, आणि हळू आवाजात विचारलं, "कशानं?" मी सांगितलं. या वेळी पेशी नाहीत, शेजार नाही. पत्र आलं होतं, मला जायचं होतं, पुड्या फडताळात होत्या. कदाचित त्यानं झालं, कदाचित नाही. मी मार खायला उभं राहावं तशी उभी होते. त्या मारतील, निदान मुलीला माझ्याजवळून उचलतील, असं मला वाटत होतं, आणि मला ते हवं होतं.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनी बांगड्या मागेपुढे केल्या.

"मीही घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "उपेंद्रच्या वेळी. आधीचं पाळण्यात होतं, अंगात ताकद नव्हती. माझ्या आत्यानं काढा करून दिला. तो धडधाकट निघाला, म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही." आणि थोड्या वेळानं, "ठकीला माहीत आहे. तिच्या आईनंच काढ्याच्या मुळ्या आणून दिल्या होत्या."

सासूबाईंनी वाटी घेतली त्या सकाळी ठकुबाईला एक वाक्य बोलता आलं असतं, आणि ती ते न बोलता मागच्या दारानं गेली होती. विंझरलाही बोलली नव्हती. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मला ते कळलं आहे हे त्यांना कळलं होतं.

"उपेंद्रला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सांगावं लागेल."

"तुम्ही?"

ओटीवर वहाणा काढल्याचा आवाज झाला, मग दार ढकलल्याचा, मग कडी आतून का लावली म्हणून त्याची हाक. आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं. शरयूनं सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, मग आमची नजर जिकडे होती तिकडे मान वळवली, आणि दार उघडायच्या आधीच तिनं दोन्ही हात पसरले.